सहावा घास

ताट घासायचा मान शकुनचा होता आणि हा मान तिला आयुष्यात एकदाही आवडला नव्हता. सासूच्याही सासूचं, पार्वताबाईंचं ते पितळेचं ताट. एरवी माळ्यावर धूळ खात पडायचं आणि घरातल्या सुनेला सातवा महिना लागला की खाली यायचं. मागच्या अंगणात नळाखाली बसून शकुन त्याला चिंच लावत होती, तेवढ्यात नणंद रागिणी आली. अमरावतीहून पहिल्याच एसटीनं निघालेली, खांद्याला पर्स आणि चेहऱ्यावर वर्गात शिरतानाचा भाव. शाळेत तो भाव मुलांसाठी असतो. माहेरी ती तो घेऊन आली की घरात कुणाचं तरी चुकलेलं असतं, हे शकुनला एवढ्या वर्षांत पाठ झालं होतं.

"वयनी, ते ताट आज काढूच नका."

"मंग कायच्यात वाढू?"

"कायच्यातही वाढा. पन आचलले पोटभर जेवू द्या. डाक्टर काय म्हनले ते सांगतलं ना कुलदीपनं?"

सांगितलं होतं. परवा शकुनचा मुलगा कुलदीप बायकोला घेऊन अमरावतीला गेला, रागिणी सोबत होती. बाळाची वाढ मागे पडली आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघून सांगितलं. आईचं वजनही वाढायला हवं त्याच्या निम्मंही वाढलेलं नाही. "जेवता काय तुम्ही?" असं बाईंनी विचारलं तेव्हा आचलनं नवऱ्याकडे पाहिलं आणि नवऱ्यानं पंख्याकडे.

कारण या घरातली रीत बाहेर सांगण्यासारखी नव्हती. पाचवा लागला की गर्भारशीला दोन्ही वेळा अर्धी भाकर. सातव्यात डोहाळजेवण. त्या दिवशी पार्वताबाईंच्या ताटात सगळं वाढायचं, तिनं पाच घास खायचे आणि सहाव्या घासाला हात जायच्या आत घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं ताट उचलायचं. तिथून पुढे बाळंत होईपर्यंत संध्याकाळची अर्धी भाकरही बंद, नुसती आंबील. लेकरू लहान राहतं, बाई सुखरूप सुटते. "आमच्या घरच्या एका बी सुनेचं पोट फाडा लागलं नाई," असं सासूबाई, मनकर्णाबाई, साऱ्या शेंदूरजनाघाटात अभिमानानं सांगत. लेकरं मुठीएवढी जन्मतात, हेही त्या त्याच अभिमानानं सांगत.

ही मुठीएवढी लेकरं पुढे धडधाकट व्हायची, वावरात राबायची आणि ऐन उमेदीत त्यांना साखर लागायची. शकुनच्या नवऱ्याला, खुशालरावांना, पस्तिशीत लागली. मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या पायाचं एक बोट गेलं. आणि या दिवाळीला काडीसारख्या अंगाच्या कुलदीपलाही निघाली. आता रोज सकाळी बाप-लेक ओट्यावर बसून एकाच मशीनवर बोट टोचून घेत आणि मंडीतला संत्र्याचा भाव विचारावा तशी एकमेकांची साखर विचारत. शकुनला ते ऐकवत नसे. ती भांडी आपटत राही.

"मी बी खाल्ली ना व अर्धी भाकर," ती ताटावरून हात फिरवत म्हणाली. "कुलदीपच्या येळी. हसत खाल्ली. वाटे, आपन लेकरासाठी तप करून राहिलो."

रागिणीचा वर्गातला चेहरा जरा उतरला. ती भावजयीशेजारी टेकली आणि एरवी कधी करत नाही ते तिनं केलं. शकुनच्या हातून ताट घेऊन ती स्वतःच घासायला लागली.

"कुलदीपनं विचारलं डाक्टरले," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हने, मी जाडा नाई, गोड खात नाई, मंग मले काहून? तवा त्या म्हनल्या, पोटात उपाशी राह्यलेलं लेकरू तथीच काटकसर शिकते. मंग पुढं भरलं ताट भेटलं का त्याच्या अंगाले ते झेपत नाई. म्हने, हे एकच कारन हाय असं नाई, पन तुमच्या घरी हे पिढ्यानपिढ्या चालू हाय."

"हे बाईले, तुमच्या मायले, कोन सांगन?"

"मी सांगतो."

"सांगजा," शकुन म्हणाली. "पन आंधी तुमच्या दादाले विचारून घ्या."

दादा अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात रोडगे भाजत होते. घरात काहीही कार्य असलं की रोडगे पुरुषांनी करायचे, ही मात्र खुशालरावांची आवडती रीत. गवऱ्यांचा विस्तव फुलला होता. कुलदीप कणकेचे गोळे आणून देत होता आणि खुशालराव स्टुलावर बसून, बोट नसलेला पाय विस्तवापासून लांब धरून, लांब चिमट्यानं ते फिरवत होते. त्या पायाला चटका बसला तरी कळत नसे, म्हणून शकुननं त्यांना तशी ताकीदच दिली होती.

रागिणीनं सगळं सांगून टाकलं आणि शेवटी म्हणाली, "मायले आज समजावून सांगतो मी. शांततेत सांगतो."

"तुही शांतता मले ठाऊक हाय," खुशालराव म्हणाले. "काई सांगू नको."

"दादा, लेकराचा सवाल हाय."

"लेकराचं करू आपन. ताट उचलू दे तिले, मनाचं समाधान होऊ दे. मागून आचलले जे पायजे ते खाऊ घाला. शकुन चोरून देईन."

"आचल चोरून खात नाई, बाबा," कुलदीप मध्येच म्हणाला. "मी देऊन पाह्यलं. आजीले शब्द देला म्हन्ते. आजी डोक्यावर हात ठेवून विचारते, खोटं कसं बोलू म्हन्ते."

खुशालरावांनी एक रोडगा उगाचच दोनदा फिरवला. अकोल्याहून आलेली ही सून आईविना वाढलेली. लग्न होऊन आली आणि सासूपेक्षा आजेसासूच्याच मागे-मागे राहिली. म्हातारी तिची वेणी घाले, ती म्हातारीच्या गुडघ्यांना तेल चोळे. त्या दोघींचं गूळपीठ पाहून त्यांना फार बरं वाटत असे. ते असं आडवं येईल असं कुणाला वाटलं होतं?

"रागे, तू सांगशीन," ते म्हणाले, "आन् मंग तिले काय समजन? का आपल्या लेकाचं बोट आपल्याच भुकेनं गेलं. नातवाले आपल्यानंच बिमारी झाली. पंचाहत्तरीची बुढी हाय. अजून किती वर्सं जगन, हे मले ठाऊक नाई. पन मरेपर्यंत तिच्या डोक्यात हेच राहीन. नाई. मले नाई पायजे."

"आन् तुह्या नातवाच्या पायाचं काय?"

खुशालरावांनी चिमटा खाली ठेवला आणि आज काही बोलणार नाही असा तिच्याकडून शब्द घेतला. रागिणीचे डोळे भरून आले. तिला भावाचा राग आला होता आणि त्याच्या पायाकडे बघवत नव्हतं.

तिकडे आतल्या खोलीत मनकर्णाबाई आचलच्या केसांना तेल लावत बसल्या होत्या. खिडकीतून भाजलेल्या कणकेचा वास येत होता आणि आचलच्या पोटात अक्षरशः खड्डा पडला होता. दुपारची भूक तिला आता ओळखीची झाली होती. आधी पोटात येई, मग हातांना कापरं, मग उगाच रडू. कधी बागेत जाऊन ती गळालेली संत्री उचले, हातात धरून वास घेई आणि परत ठेवून देई. खाल्लं तर आजीला सांगावं लागलं असतं.

"काय म्हने तुही डाक्टरीन?" मनकर्णाबाईंनी विचारलं. "परवापासून सारे गुपचूप हायेत. मले बहिरी समजून राहिले का?"

"बाळ लहान हाय म्हनल्या."

"मंग? चांगलंच हाय."

"चांगलं नाई म्हनल्या, आजी."

केसांतली बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली. मनकर्णाबाई बोलू लागल्या. वच्छलेची गोष्ट या घरात सगळ्यांनी तुकड्या-तुकड्यांनी ऐकली होती. सबंध अशी त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

"वच्छला माही मोठी जाऊ. गोरीपान, हसरी. मी नवी नवरी होतो तवा तिले दिवस होते. सासूचा भारी जीव तिच्यावर. पार्वताबाई स्वता तिच्या ताटापाशी बसे आन् तूप वाढे. खाय व, माय, खाय, म्हने. नववा भरला तं पोट असं मोठं. तीन दिस अडली. लेकरू येच ना. मंग बैलगाडीत टाकली आन् वरूडले घेऊन निंगालो. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. रस्ता कसला, नुस्ती काळी माती, चाकं रुतत. नाल्यापाशी तिनं माहा हात सोडला."

आचलनं मागे हात नेऊन म्हातारीचा हात धरला.

"पार्वताबाई रडली नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "घरी आली आन् तुपाचं भांडं उचलून माळ्यावर टाकलं. म्हने, म्या माह्या हातानं मारली. मंग मले दिवस गेले तवा पाच घासाच्या वर तिनं मले खाऊ देलं नाई. लोक म्हनत, सासू खाष्ट हाय. नाई व. ती रोज माह्या पोटाले हात लावून पाहे, लहान हाय ना, लहान हाय ना, म्हने. मी दुष्काळात खुशाल्याले पोटात वाढवला, तवा तशीबी भाकर नव्हती. रागीच्या येळी घरात गहू होता. डोहाळजेवनाले रोडगे केले होते. मले तं सातवा लागल्यापासून रोडग्याचीच इच्छा. पाचवा घास वरनाचा झाला आन् ताट गेलं. रोडगा तसाच राह्यला."

त्या हसल्या. आचलला मात्र हसू आलं नाही.

"आजी," ती म्हणाली, आणि पुढचं बोलू नये हे कळत असूनही तिच्यानं राहवलं नाही, "पोटात उपाशी राह्यलं तं लेकराले मोठेपनी साखर लागते म्हन्ते डाक्टर. कुलदीपले म्हनूनच लागली असन, म्हने. मले भेव लागते. माह्या लेकराचंबी तसंच व्हाचं काय?"

बोटं थांबली. या वेळी ती पुन्हा चालू झाली नाहीत.

आचलनं वळून पाहिलं. मनकर्णाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. तिथून अंगणातला विस्तव दिसत होता आणि स्टुलावर बसलेले खुशालराव, तो पाय बाजूला धरून.

"आजी, मी चुकीचं बोलली काय?"

"नाई," त्या म्हणाल्या. "वेनी घालू दे. हालू नको."

दुपारी शेजारच्या बायका जमल्या. हिरवं लुगडं नेसून, केसांत शेवंती माळून आचल पाटावर बसली. शकुननं ओटी भरली, बायकांनी दोन गाणी म्हटली, एकीनं कुलदीपला दारातून हाकललं आणि तो पुन्हा येऊन उभा राहिला. सगळं कसं रीतीप्रमाणे चाललं होतं आणि घरातल्या कुणाचंच गाण्याकडे लक्ष नव्हतं. रागिणी भिंतीला टेकून ओठ घट्ट मिटून उभी होती. भावाला तिनं शब्द दिला होता.

ताट आलं. वरण, वांग्याची भाजी, कढी, जवसाची चटणी आणि मधोमध राख झटकलेला, चुरून ठेवलेला रोडगा. मनकर्णाबाई समोर बसल्या.

आचलनं पहिला घास घेतला. दुसरा. तिला सावकाश खायचं होतं, पण भूक कुणाचं ऐकत नाही. तिसरा, चौथा लागोपाठ गेले. पाचवा घास तिनं हातात धरून ठेवला आणि म्हातारीकडे पाहिलं. मग तोही खाल्ला आणि हात मांडीवर घेतला.

मनकर्णाबाईंनी ताटाच्या दोन्ही काठांना हात लावले.

"खुशाल्या," त्या म्हणाल्या. "अथी ये."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. डोहाळजेवणात पुरुषाचं काय काम? खुशालराव लंगडत दाराशी आले, हात राखेनं भरलेले.

"काय, माय?"

"खरं सांगजो. तुह्या पायाचं बोट माह्या उपासानं गेलं का?"

खुशालरावांनी आधी बहिणीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, मी नाही सांगितलं. आचलनं खाली मान घातली, आणि कुठून आलं ते त्यांना समजलं. खोटं बोलायचं त्यांनी ठरवलंच होतं. पण म्हातारीचे हात ताटावर होते आणि डोळे त्यांच्या पायावर.

ते तिच्याशेजारी जमिनीवरच बसले. बसायला त्यांना फार त्रास होतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

"थोडं तेच्यानं असन," ते म्हणाले. "थोडं माह्या जिभेनं. मी काई कमी जिलब्या खाल्ल्या नाई, माय. पन तू उपाशी राह्यली ते काहून राह्यली, हे काय मले माईत नाई? तू वच्छलाकाकूचं डोकं मांडीवर धरलं होतं. मी तुह्या जागी असतो तं मी बी तेच केलं असतं. तवा रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता. तुमच्या हाती भाकर होती, तुमी तेच कमी केली."

मनकर्णाबाईंचा चेहरा हलला नाही. त्यांनी फक्त एक हात ताटावरून काढला आणि त्या पायावर ठेवला, जिथे बोट नव्हतं तिथे. त्या जागी कुणी हात लावलेला खुशालरावांना कळत नसे. तरी त्यांनी पाय मागे घेतला नाही.

"मले काय माईत होतं रे, बाप्पा," त्या म्हणाल्या.

"कोनालेच माईत नव्हतं."

"पन हे पोट्टी अडली मंग?" त्यांचा आवाज आता उंच झाला. "तुमी सारे सांगता लेकरू मोठं पायजे. अडली मंग कोन धावते? मी आता तिचं डोकं मांडीवर घेऊ का?"

रागिणीकडे यावर उत्तर होतं. चांगलं, सविस्तर, आकडेवारीसकट होतं. तिनं तोंड उघडलंही. पण शकुन आधी बोलली. एरवी सासूपुढे चार शब्दांच्या वर न जाणारी शकुन पुढे आली आणि ताटाच्या दुसऱ्या बाजूला बसली.

"बाई, आठवा लागला का आचलले रागिनीताईच्या घरी अमरावतीले नेऊन ठेवू. दवाखाना त्याहीच्या गल्लीच्या टोकाले हाय. तुमी बी संग जा. तिच्या जोळच झोपा. रात्री दुखाले लागलं तं तुमीच उठवा साऱ्याहीले."

"मी लेकीच्या घरी राहू?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "एवढे दिस?"

"राहा न व, माय," रागिणी म्हणाली. तिचा तो चेहरा आता कुठच्या कुठे गेला होता. "माह्या घरी तू येऊनच नाई राह्यली कधी."

"पोट फाडा लागलं तं?"

"तं फाडतीन," शकुन म्हणाली. "आन् शिवतीन. बाई बी घरी येईन आन् लेकरू बी."

पार्वताबाई जसा लावत तसा मनकर्णाबाईंनी आचलच्या पोटाला हात लावला. आतून काहीतरी सरकलं. त्यांनी हात तसाच राहू दिला.

मग ताटाचा काठ सोडून दिला.

"माळ्यावर तुपाचं भांडं असन," त्या कुलदीपला म्हणाल्या. "ताट राह्यते तथी, मांगं. काढ."

कुलदीपनं शिडी लावली. भांडं काळंठिक्कर पडलं होतं. शकुननं ते तिथेच पदरानं पुसलं, राखेनं घासलं, धुतलं आणि त्यात घरचं तूप गरम करून ओतलं. बायका गाणं विसरून बघत होत्या. मनकर्णाबाईंनी भांडं उचललं आणि पार्वताबाईंच्या ताटात, रोडग्यावर, धार धरली. तूप ताटात पसरलं तरी त्यांचा हात थांबेना.

"खाय व, माय," त्या म्हणाल्या. "खाय."

आचलनं सहावा घास कालवला. तोंडाशी नेला आणि थांबली. बायकांना वाटलं, आता काय? तिनं तो घास मनकर्णाबाईंच्या तोंडापुढे धरला.

"तुमचा राह्यला होता," ती म्हणाली.

"चाल, काईतरीच. माहं काय आता."

"तुमी खाल्ल्याबिगर मी नाई खात."

मनकर्णाबाईंनी तोंड उघडलं. रोडगा त्यांना आता दातांनी चावता येत नव्हता, तुपात भिजला म्हणूनच जरा नरम झाला होता. त्या तो तोंडात घोळवत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायची त्यांनी घाई केली नाही. आचल मात्र आता जेवायला लागली होती. मान खाली घालून, भराभर, कुणाकडे न बघता ती जेवत होती आणि शकुन तिच्या ताटात वाढतच होती.

मग घरातल्या सगळ्यांची पानं मांडली. खुशालरावांनी शहाण्यासारखा अर्धाच रोडगा घेतला, कुलदीपनंही. मनकर्णाबाईंच्या ताटात शकुननं सवयीनं अर्धाच वाढला. त्यांची बाळंतपणं उरकून पन्नास वर्षं होत आली, तरी अर्ध्याच्या वर त्या कधी जेवल्या नव्हत्या. भूकच तेवढी आहे, असं त्या म्हणत आणि सगळे ते खरं मानत. त्यांनी तो अर्धा सावकाश संपवला. नेहमीसारखं ताटात पाणी घ्यायला तांब्या पुढे ओढला आणि पुन्हा बाजूला सरकवला.

"शकुन," त्या म्हणाल्या, "अर्धा अजून वाढ व."